लाल दिवा विझवणारे वंगणबाबा

मैदानावर जुन्या गाड्यांची रांग लागली होती. सकाळचा गारठा होता, तरी एकूण एक गाडीचं इंजिन चालू होतं, कारण वंगणबाबांचा तसा हुकूमच होता : "इंजिन तापवून आणा! गार इंजिनाच्या ठायी भक्ती नसते!" धुरानं लोक खोकत होते आणि खोकल्यालाही बाबांची कृपा समजत होते.

एक म्हातारी टॅक्सी पुढे आली. खडखडाट असा, की आत बसणाऱ्यानं उतरताना दात मोजून घ्यावेत. चालकासमोर इंजिनातल्या तेलाचा इशारा देणारा लाल दिवा लुकलुकत होता. शिष्यानं इंजिन बंद करून जुनं तेल काढलं. बाबांनी पितळी झारीतून सुगंधी तेलाची धार सोडली. "बाळा इंजिना, तुझी सगळी पापं गाळून घेतली. आता शांत हो!"

किल्ली फिरली. खडखड थांबली. दिवा विझला.

"विझला! विझला!" टॅक्सीवाल्याला रडू फुटलं. त्याच्या बायकोनं बॉनेटला वाकून नमस्कार केला आणि कपाळ भाजून घेतलं.

गर्दीच्या कडेला ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई उभ्या होत्या, पायाशी बर्फाची पेटी ठेवून. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला बाईंनी शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना, त्यांच्या शिकाऊ गाडीसमोरून, पळायला.

बाईंकडे दोन गाड्या होत्या. गेल्या महिन्यात त्यांच्या यजमानांनी त्यांना न विचारता एकीत बाबांचं तेल भरलं. काही दिवस गाडी मांजरासारखी गुरगुरली. मग एका गारठलेल्या सकाळी किल्ली फिरवताच इंजिन किंचाळलं आणि कायमचं गप्प झालं. उघडून पाहिलं तर तळाशी तेलाचं तळं आणि वर दुष्काळ! वरचे भाग कोरडे घासून जळून गेलेले. आणि आज दुसरी गाडी याच रांगेत उभी होती. स्टिअरिंगवर यजमान.

"अहो, उतरा खाली."

"अगं, बाबा म्हणाले, मागच्या वेळी आपली श्रद्धा कमी पडली."

"श्रद्धा नाही, तेल कमी पडलं. वरपर्यंत पोचलंच नाही. ही पण गेली तर उद्यापासून मी शिकवू कशावर? तुमच्या पाठीवर?"

गाडी वाचवायची होतीच. पण खरं सांगायचं तर बाईंना सूड हवा होता.

"थांबा!" त्या कडाडल्या.

मैदानावरच्या निम्म्या लोकांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. बाबांच्या ड्रायव्हरचासुद्धा. तोही बाईंचाच विद्यार्थी.

बाईंनी पेटीतून दोन बाटल्या काढल्या. एकीत कंपनीनं या इंजिनासाठी सांगितलेलं तेल, दुसरीत बंद पडलेल्या गाडीतून काढलेलं बाबांचं. दोन्ही रात्रभर बर्फात होत्या. त्यांनी दोन्ही एका ताटावर एकदम उलट्या धरल्या. पहिलीतलं तेल भळभळ ताटात आलं. दुसरीतलं रुसलेल्या जावयासारखं आतच बसून राहिलं.

"ते समाधीत आहे," बाबा म्हणाले.

"गार इंजिनातही ते असंच समाधीत बसतं, आणि वर इंजिन कोरडं जळतं. झिजलेल्या इंजिनातल्या फटींतून तापलेलं, पातळ तेल निसटतं, तेलाचा दाब उतरतो, म्हणून दिवा लागतो. फटी तशाच ठेवून त्यात चिखल भरला, की तेल निसटत नाही, दाब चढतो आणि दिवा विझतो. गार इंजिनात मात्र हे बिंग फुटतं, म्हणून यांना गाडी तापलेली लागते!" मग त्या ड्रायव्हरकडे वळल्या. "काय रे, बाबांच्या गाडीतही दिवा लुकलुकतो ना? त्यात कोणतं तेल घालतोस?"

ड्रायव्हर ताठ उभा राहिला. "कंपनीचं, बाई. सीलबंद डबा. बाबा स्वतः सील तपासतात."

"आणि झारीत?"

"ट्रकच्या गिअरबॉक्सचं, बाई. त्यात घट्ट करायचा चिकट पदार्थ. आणि मोगऱ्याचं अत्तर."

"नमकहराम!" बाबा ओरडले.

"बाबा, तुमची गाडी रात्रभर उघड्यावर गारठली आहे," बाई मधाळ आवाजात म्हणाल्या. "तिच्यात झारी रिकामी करू, आणि तुम्ही स्वतः सुरू करा. धड चालली, तर माझी ही गाडीही तुमची."

"अगं!" यजमान दचकले.

"तुम्ही गप्प बसा. श्रद्धा कमी पडेल."

बाबा आपल्या बॉनेटवर पालथे पडले. लोकांनी त्यांना अलगद उचलून बाजूला ठेवलं. ड्रायव्हरनं चांगलं तेल काढलं आणि झारी उपडी केली. बाईंनी किल्ली पुढे केली. बाबांनी तिच्याकडे विंचवाकडे पाहावं तसं पाहिलं.

"आज... आज योग नाही."

एवढं बोलून ते आपली गाडी तिथंच टाकून पायी निघाले. यजमानांनी मुकाट्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. टॅक्सीवाला गरम तेल काढून टाकायला गाडीखाली शिरला. उरलेल्या गाड्या मात्र पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न दाबून धरत, बाबांच्या मागे लागल्या. कफनी सावरत बाबा धावू लागले. पायी चालणाऱ्यापासून सुरक्षित अंतर ठेवावं, हे बाईंनी प्रत्येकाला शिकवलं होतं. आज कुणाला ते आठवलं नाही. बाईंनीही आठवण करून दिली नाही.

गाड्या परतल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "इंजिन जुनं झालं, तर कंपनीनं चालतील म्हटलेल्या तेलांपैकी एक पायरी जाड तेल घ्या, गारठ्यातही वाहणारं. तरी दिवा लागला, तर इंजिन उघडा. दिवा आजार नसतो, तो आजार सांगत असतो. त्याचं तोंड बंद करणाऱ्याला हात जोडण्याआधी विचारा : गार असताना काय होतं? आणि महाराज, तुम्ही स्वतःच्या गाडीत काय घालता?"