कोणत्या मोटारीचा स्टार्टर

नवलची मुलगी दीपमाला अंगणात खेळता खेळता मध्येच दमून खाली बसते. तिच्या अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही. दर महिन्याला जळगावला नेऊन रक्त चढवावं लागतं. नवल माझा जुना विद्यार्थी. एरंडोलजवळच्या आमच्या गावात कापूस आणि लिंबू करतो. त्याची बायको पुनम पुन्हा गरोदर होती. पोटातल्या बाळालाही हाच आजार असेल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते, "दीपमालाच्या आजाराचं कारण पक्कं कळलं, तरच बाळाच्या तपासणीला अर्थ आहे. बाळ ठेवायचं की नाही, याचा निर्णय पंधरवड्यात घ्यावा लागेल."

डीएनएच्या तपासणीत एक बदल सापडला होता. पण तो कुठल्याच जनुकात नव्हता. जनुकांपासून लांब, जिथून काहीच तयार होत नाही अशा भागात होता.

एरंडोलच्या निर्मलकुमार शेठजींचा मुलगा मनन पुण्यात याच विषयात संशोधन करतो. तोही माझाच विद्यार्थी. सुटीवर आला होता, म्हणून त्याला नवलच्या ओट्यावर बोलावलं. तो लॅपटॉप उघडेपर्यंत मी नवलला समजावलं.

"तुमच्या भाऊबंदांच्या सामाईक विहिरीवर तीन मोटारी आहेत. स्टार्टर मात्र लांब, बांधावरच्या खोलीत. स्टार्टर काही पाणी ओढत नाही. पण तो बिघडला तर मोटार चालेल का?"

"नाही चालणार."

"जनुक म्हणजे मोटार. दीपीचा बिघाड स्टार्टरमध्ये आहे."

नवलचा चेहरा उजळला. मुलांना एखादी गोष्ट समजली की असाच उजेड दिसतो, आणि मला फार बरं वाटतं. त्या दिवशीही वाटलं.

मननने एका संकेतस्थळावर डीएनएतल्या त्या बदलाच्या जागेचा क्रमांक टाकला. ती जागा कोणकोणत्या जनुकांना चालू करत असावी हे दाखवणाऱ्या, तिथून निघून त्या जनुकांवर टेकणाऱ्या कमानी पडद्यावर उमटल्या. सर्वांत ठळक कमान रक्ताशी संबंधित जनुकावर टेकली होती.

"हीच! झालं ना काम?" नवल म्हणाला.

"थांबा, नवलभाऊ."

दुसऱ्या संकेतस्थळाने भलत्याच जनुकाकडे बोट दाखवलं. तिसऱ्याकडे यकृताच्या पेशींची माहिती होती. रक्त बनवणाऱ्या पेशींची नव्हतीच.

"काय शेठ, तीन दुकानं आणि तीन भाव?"

मनन हसला. "हे अंदाज आहेत, भाऊ. दुसऱ्या माणसांच्या पेशींवरून बांधलेले."

"मग आम्ही करतो तसं करा. तारा गुंतल्या की आम्ही एक स्टार्टर बंद करतो आणि कोणती मोटार थांबली ते बघतो."

मननने माझ्याकडे पाहिलं. "अगदी तसंच करतात. प्रयोगशाळेत, पेशींमध्ये. मी आमच्या सरांना विचारलंय. नाही म्हणाले नाहीत. पण त्याला वर्ष तरी जाईल."

दारात उभी असलेली पुनम म्हणाली, "नाना, तुम्ही तर म्हणालात, स्टार्टर सापडला."

"सापडला, बाई. तो कोणत्या मोटारीचा, ते कळत नाही."

"मग मी काय करू?"

वर्गात उत्तर येत नसलं की मी मुलांना सांगायचो, उद्या शोधून आणतो. हिला तेही सांगता येईना.

रविवारी घरात कानबाई देवी बसायची होती. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजायला नवलच्या आईने, ताईबाईने, मला बोलावलं. त्यांच्या घरात प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू धरतात, आणि येणाऱ्या जिवाचीही मूठ धरतात. ताईबाई एकेक नाव घेत सुपात गहू टाकत होती. नवल झाला, पुनम झाली, दीपी झाली. पुढची मूठ भरली आणि हात सुपावर तसाच थांबला.

"नाना, पोटमातलानी मूठ टाकू का? ते यंत्र काय म्हनस?"

मी पुनमकडे पाहिलं. ती दीपीच्या फ्रॉकची लावलेली बटणं पुन्हा लावत होती. नवल उठून गोठ्याकडे गेला.

"काहीच नाही म्हणत," मी म्हणालो.

"आजी, टाक ना," दीपी म्हणाली. "हात दुखेल तुझा."

ताईबाईने मूठ उघडली नाही, मागेही घेतली नाही. बोटांच्या फटीतून गहू एकेक करून सुपात पडत राहिले.