शिट्टीपर्यंतचं गाणं

माझ्या नवऱ्याचं गिटारवर प्रेम आहे. हे प्रेम आमच्या लग्नाच्या आधीचं, त्यामुळे मानाने ती थोरली आणि मी धाकटी. खारघरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी एकच, आणि तो तिच्या खोलीत. "दमट हवेत लाकूड फुगतं," मिथुन म्हणतो. दमट हवेत बायकोही फुगते, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

साखरपुडा झाल्यावर त्याने माझ्यासाठी एक गाणं रचलं. शब्द नाहीत, नुसती गिटार. सुरुवात खरोखर गोड आहे, उगाच नावं कशाला ठेवू? पण लग्नाला सात वर्षं झाली तरी ते गाणं मी पूर्ण ऐकलेलं नाही. सुरुवात होते, सूर हळूहळू वर चढायला लागतात, आणि नेमकी कुकरची शिट्टी होते. कुकर नसला तर कुरिअरवाला बेल मारतो, नाहीतर वॉचमन इंटरकॉमवर टँकर आल्याचं कळवतो. सोसायटीच्या गणपतीत मिथुनला एकदा स्टेज मिळालं, तर ऐन जागी सेक्रेटरींनी माईक ओढून घेतला आणि कुणाची तरी पांढरी गाडी गेटसमोरून काढायला सांगितली. मिथुन दर वेळी गिटार खाली ठेवतो आणि म्हणतो, "कलेला किंमतच नाही इथे. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, कुणीतरी पूर्ण ऐकून घ्या रे!"

या 'एकदा'साठीच ती म्युझिक ट्रिप ठरली.

ठरवली अक्षताने. अक्षता आणि तिचा नवरा आकाश आमच्याच मजल्यावर राहतात. तिने 'सूर आणि सागर' नावाचा ग्रुप काढला. आठवडाभर त्यावर चर्चा झाली ती पांढरे कपडे घालायचे की निळे याची. सागर उरणजवळच्या मोऱ्याचा ठरला, कारण मिथुनचा त्याच्या गावचा, तळवलीचा शाळासोबती हरेश म्हणाला की त्याच्या ओळखीच्या कोळ्याची बोट आहे. आणि दिवस पौर्णिमेचा ठरला, कारण अक्षताला चंद्र, समुद्र आणि गिटार हे तिन्ही एकाच फ्रेममध्ये हवे होते. सुरांबद्दल ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तळवलीहून सासूबाईंचा फोन आला. मिथुनचे आजोबा घणसोलीच्या खाडीत मासे मारायचे, त्यामुळे त्या घरात तिथी आधी पाण्यासाठी बघतात, मग देवासाठी.

"पोरा, उद्या पुनव हाय," त्या म्हणाल्या. "सांजच्याला पानी पार उतरतं. बोटीन बसू नको."

"आई, मी फोनवर बघितलंय. उद्या हवा एकदम स्वच्छ आहे," मिथुन म्हणाला.

पाण्याचं विचारलं तर हा हवेचं सांगतो. खाडीकाठच्या घरात जन्मलेला मुलगा आयटी पार्कात बसला की भरती-ओहोटी विसरतो आणि फोनमधल्या पिवळ्या सूर्याच्या चित्रावर विश्वास ठेवतो. सासूबाईंनी मग नाद सोडला आणि तांदळाच्या भाकऱ्या नि सुक्या जवळ्याची चटणी पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्याच गाडीने निघालो. मागच्या सीटवर गिटारला सीटबेल्ट लावला होता. भाकऱ्यांचा डबा माझ्या मांडीवर होता आणि माझा बेल्ट लागत नव्हता. उलव्याच्या पुढे कंटेनरच्या ट्रेलरांमागे आम्ही बराच वेळ अडकलो. मिथुन मागे वळून म्हणाला, "तिला ऊन लागतंय गं." मी पदर पुढे ओढला आणि मग लक्षात आलं की विषय माझा नाही.

मोऱ्याच्या धक्क्यावर हरेश आधीच हजर होता. त्याच्याबरोबर चाकांवरचा, फ्रिजएवढा स्पीकर होता.

"अरे, अनप्लग्ड ठरलंय ना आपलं?" आकाश म्हणाला.

"मंग? हा बॅटरीवरचा हाय. प्लग लागतच नाय," हरेश म्हणाला. आणि त्याने स्पीकर बोटीत चढवलासुद्धा.

बोटीचे मालक वामन तांडेल. कानात भिकबाळीसारखी छोटी बाळी, बोलणं मोजकं. त्यांनी निघतानाच बजावलं, "पानी सुकाला लागलाय. सूर्व्या बुडाच्या आदी परत याचा, नायतर चिखलान बसू." सगळ्यांनी "हो हो" म्हटलं, म्हणजे कुणी ऐकलं नाही.

बोट सुटली तशी मिथुनने गिटार काढली आणि सूर जुळवायला बसला. नमनाला घडाभर तेल हा त्याचा स्वभावच आहे. तार पिळायची, कान लावायचा, मान हलवायची, पुन्हा पिळायची. एकदाची जुळली, तर अक्षता म्हणाली, "मिथुन, आत्ता वाजवू नकोस प्लीज. हात हलतो, मग फोटो हलतो. नुसती धरून बस." तो नुसती धरून बसला. त्याने समुद्राकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, डोळे मिटले, उघडले. मग तीच गिटार आकाशने धरली, मग हरेशने धरली आणि ती त्याने उलटी धरली होती. नंतर हरेशने पेनड्राइव्हवरून हळदीतली डीजेची गाणी लावली. स्पीकरच्या दणक्याने बोटीच्या फळ्या थरथरत होत्या. म्युझिक ट्रिपमध्ये म्युझिकची सोय झालेली होती, फक्त मिथुनचीच नव्हती.

तांडेलांनी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा अक्षता म्हणाली, "काका, एकच लास्ट." पालथ्या घड्यावर पाणी. सूर्य बुडाला, तिकडून चंद्र वर आला, फ्रेम मिळाली आणि आम्ही परत फिरलो. धक्का अगदी समोर दिसत होता. तिथे उभी असलेली माणसं दिसत होती. तेवढ्यात बोटीच्या पोटाखालून खसकन आवाज आला, बोट जराशी कलली आणि थांबली.

"बसली," तांडेल म्हणाले आणि इंजिन बंद करून टाकलं.

"म्हणजे आता काय करायचं?" आकाशने विचारलं.

"काय कराचा? पानी येल तवा निंगू."

चालत जायचं म्हटलं तर कमरेएवढा गाळ. आकाशने फोन काढला, त्याची बॅटरी रील काढण्यात संपली होती. अक्षताची आणि आम्हा बाकीच्यांचीही तीच गत होती. हरेशने या संकटावर उपाय म्हणून आवाज आणखी वाढवला, तेव्हा स्पीकरने एक ढेकर दिला आणि तोही मेला. सगळीकडे एकदम सामसूम झाली. गाळातून बुडबुडे फुटल्याचा आवाज तेवढा येत होता.

तांडेल पाय पसरून आडवे झाले आणि मिथुनला म्हणाले, "वाजव आता. कोन कुठं जात नाय."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. पाच श्रोते, एकाच्याही हातात चालू फोन नाही, आणि उठून जायला जमीन नाही. कुकर तर सोडाच, आसपास काडेपेटीसुद्धा वाजत नव्हती. मिथुनचा चेहरा उजळला. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हे नमितासाठी. आज पूर्ण."

आणि त्याने सुरुवात केली. काय सांगू, इतकं छान मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. अक्षताने आकाशच्या खांद्यावर डोकं टेकलं. हरेशचं तोंड उघडं राहिलं होतं. सूर वर चढायला लागले, त्या नेहमीच्या जागेपर्यंत आले, आणि मिथुनची बोटं थांबली.

बाकीच्यांना वाटलं, मुद्दाम थांबलाय, आता पुढे काहीतरी भन्नाट येणार. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो कान देऊन वाट बघत होता. शिट्टीची, बेलची, कुणाच्याही हाकेची. ती येईना. त्याच्या डाव्या हाताचं बोट तारेवर जाऊन पुन्हा मागे आलं, आणि मला कळलं. पुढचं गाणं नव्हतंच. सात वर्षं दर वेळी कुणीतरी तिथेच अडवलं, म्हणून पुढचं रचायची वेळच त्याच्यावर आली नव्हती, आणि हे त्यालाही आत्ताच समजत होतं. मला त्याचा भयंकर राग आला. आणि रागाच्या दुप्पट वाईट वाटलं. इतक्या जणांसमोर तो उघडा पडतोय, हे मला बघवेना.

"मिथुन," मी जोरात म्हणाले, "ती जवळ्याची चटणी गाडीतच विसरलास का रे?"

"नमिता!" अक्षता ओरडली. "काय गं तू! केवढं सुंदर चाललं होतं!"

"वयनी, तुमी पन ना," हरेशने कपाळावर हात मारला. "आता तर खरा रंग भरत व्हता."

तांडेलांनीही एक डोळा उघडून माझ्याकडे नाराजीने पाहिलं. मिथुनने लांब श्वास सोडला. मग गिटार बाजूला ठेवून म्हणाला, "बघितलंत? माझ्या घरी रोज हेच चालतं." आवाजात राग होता, पण खांदे सैल पडले होते. मी डबा उघडला. चटणी सगळ्यात वर होती. त्याने ती बघितली, मी बघितली, आणि आम्ही दोघं भाकरी खायला लागलो.

पाणी आलं, बोट सुटली, आम्ही घरी पोचलो. आठवडाभरात सोसायटीत सगळ्यांना कळलं की मिथुन फार वरच्या दर्जाचा कलाकार आहे, पण बायकोला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. सेक्रेटरींनीसुद्धा लिफ्टमध्ये मला दोन शब्द सुनावले. पांढऱ्या गाडीचं त्यांना आठवत नसावं.

पुढच्या रविवारी मी पातेल्यात डाळ शिजायला ठेवली. मिथुन पाणी प्यायला आत आला आणि ओट्याकडे बघत राहिला.

"कुकर कुठाय?"

"तळवलीला पाठवला. आईंना मोठा हवा होता. बेलचे सेल काढून ठेवलेत, आणि इंटरकॉमचा रिसीव्हर खाली ठेवलाय."

त्याने ग्लासातलं पाणी एका दमात संपवलं. मग ग्लास ठेवून खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने गाणं सुरू झालं. चढलं, त्या जागेपर्यंत आलं आणि थांबलं. घरात कसलाही आवाज नव्हता. मग आतून एक सूर आला, मी कधीच न ऐकलेला. चुकीचा होता, हे मलाही कळलं. तो पुन्हा आला, पुन्हा चुकला, आणि पुन्हा आला.

डाळ काही शिजायचं नाव घेत नव्हती. मी गॅस बारीक केला आणि दाराबाहेर खुर्ची घेऊन बसले.