शेवटच्या थांब्यावरून

आईनं अट घातली तेव्हा दादानं कपाळावर हात मारला आणि मी हसले. हसायला नको होतं, कारण अट माझ्याच गळ्यात पडली.

आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी सांगून झालं, दादानं ओरडून झालं, वहिनीनं समजावून झालं. आई आपली एकच धरून बसली. "ही भटकभवानी नाहीतरी पाठीला सॅक लावून कुठेकुठे उंडारत असते. एकदा माझ्यासाठी जाऊ दे. शेवटच्या थांब्यावरून तिचा फोन आला की मी ऑपरेशनला आत जाते. त्याआधी मला कोणी हात लावायचा नाही."

शेवटचा थांबा म्हणजे आमच्या बसस्थानकातून सुटणाऱ्या सगळ्यांत लांबच्या गाडीचा. आई तिथे चौकशीच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायची. ती गाडी तिनं नोकरीभर पुकारली, सगळे थांबे एका दमात. स्वतः मात्र कधी बसली नाही. आधी आम्ही लहान, मग बाबांचं आजारपण, मग तिचे गुडघे.

"टॅक्सीनं गेलीस तर कबूल नाही हं," तिनं बजावलं. "सगळे जातात तसं जायचं."

ती थेट गाडी कधीच बंद झाली होती. मग मी तुकडे जोडत निघाले. बस, पॅसेंजर गाडी, नदी ओलांडायला लाँच, परत बस. पॅसेंजरची खिडकी लागेना, त्यामुळे उतरले तेव्हा माझ्या केसांत शेत पेरता आलं असतं. लॉजच्या कॉमन खोलीत वरचा पलंग मिळाला आणि खालची बाई असं घोरायची की माझा पलंग हलायचा. जो तो विचारी, "एकट्याच?" मी सांगायची, "नाही, सॅक आहे ना सोबत."

रोज आईला फोन. तिचे प्रश्न ठरलेले. बायकांच्या बाथरूमला आतून कडी आहे का? प्यायला पाणी आहे का? आणि गाड्या कोण पुकारतं?

"कोणी नाही गं. यंत्र आहे, रेकॉर्ड केलेलं."

"शी! म्हातारं माणूस धावत येतंय हे यंत्राला काय कळणार? मी तर गाडी दोनदा पुकारायचे, ड्रायव्हर शिव्या घालायचा."

ती हसायची आणि हसता हसता तिला धाप लागायची. मग फोन दादा घ्यायचा आणि मला झापायचा. तिकडे तिला दवाखान्यात भरती केलं होतं. तारीख ठरली. "या खेपेला नाही म्हणाली तर नंबर दुसऱ्याला देणार," दादा म्हणाला, "आणि तिच्याकडे तेवढा वेळ नाही. कळतंय का तुला?"

कळत होतं. म्हणून तर त्या दिवशी मी उजाडायच्या आत स्टँडवर जाऊन बसले. शेवटच्या थांब्याकडे जाणारी दिवसातली ती एकच बस. सॅक पायांत धरली, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळा लागला. मला काळजी नव्हती. आम्ही दोघं भावंडं आईच्या खिडकीमागे, पार्सलांच्या पोत्यांवर झोपून मोठी झालो. कितीही गोंगाट असो, आमची झोप मोडत नाही, पण गाडी पुकारली की टुणकन उठतो.

त्या स्टँडवर यंत्रही नव्हतं, गाड्या पुकारतच नव्हते. नुसती पाटी लावायचे. जाग आली तेव्हा फलाट रिकामा होता आणि झाडूवाली माझ्या पायांशी थांबली होती. "पाय घ्या ताई. ती गाडी केव्हाच गेली."

मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की झाडूवालीच म्हणाली, जाऊ द्या, तिकडच्या फाट्यापर्यंत जीप जाते.

जीप भरेपर्यंत जीपवाला निघेना. दादाचा फोन आला. "दुपारी घेतायत तिला आत. पोचलीस म्हणून सांगून टाक! कोण बघायला येतंय?"

आणि मी सांगितलं. खरंच सांगितलं. "आई, पोचले."

आईनं विचारलं, "तुझ्यामागे कोण ओरडतंय?"

जीपवाला बोंबलत होता, चला चला, दोन सीट, दोन सीट.

"शेवटच्या थांब्यावर कोणी असं ओरडत नाही गं," आई म्हणाली. "तिथून पुढे कुणाला जायचंच नसतं. मला फसवू नकोस. मी थांबते." आणि अगदी हळू म्हणाली, "मला भीती वाटते. तू पोचलीस की भीती नाही वाटणार."

इतके दिवस आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. माझी मलाच लाज वाटली.

मग मी दोन्ही सीटचे पैसे दिले आणि म्हटलं, काढ बाबा गाडी. फाट्यावर उतरले, तिथून पुढे पायीच. उन्हात सॅक पाठीला घासत होती, तोंडाला कोरड पडली होती. मी धावले, चालले, परत धावले.

थांबा म्हणजे एक पत्र्याची शेड. सकाळची बस येऊन परत गेली होती. गंजलेली पाटी, तिच्यावर आईच्या तोंडून हजारदा ऐकलेलं नाव. एक बाकडं. समोर माळ, आणि माळावर काही म्हणजे काही नाही.

"आई, आता खरंच पोचले."

"काय आहे तिथे?"

तिच्यासाठी समुद्र सांगावासा वाटला, डोंगर सांगावासा वाटला. "काही नाही गं. शेड, बाकडं. वारा आहे."

"ऐकव."

मी फोन वर धरला. वाऱ्यानं पत्रा वाजत होता. बराच वेळ धरला.

"छान आहे," आई म्हणाली. "बस जरा. दमली असशील. परतीची गाडी कधी?"

"उद्या."

"एकटीच आहेस?"

"हो." आता सॅकचा विनोद सुचेना.

आईनं घसा साफ केला. आणि तो आवाज आला, खिडकीतला, आमची झोप मोडणारा. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. शेवटच्या थांब्यावरून घरी जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे." मग तिनं सगळे थांबे म्हटले, उलट्या क्रमानं, एका दमात. मध्ये दोनदा धाप लागली, पण एक थांबा गाळला नाही. शेवटी आमचं स्थानक आलं. मी ढसाढसा रडत होते.

पुकारून झालं. मग म्हातारं माणूस धावत येत असल्यासारखं तिनं ते पहिल्यापासून दुसऱ्यांदा सुरू केलं.

निम्म्यात दादानं फोन घेतला. "स्ट्रेचर आलं. नेतायत तिला."

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, उरलेले थांबे बाहेर आल्यावर."