गुंडाची नाव आणि तालिनची बोट

हंबीरआण्णांनी नावेत पाय ठेवण्याआधी बूट काढून हातात घेतले, तेव्हा गुंडा नावाड्याला बरं वाटलं. विमानात बसून आलेला माणूस नदीची रीत विसरला नव्हता.

आण्णा साखर कारखान्याचे संचालक. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात ते फिनलंडची सहकारी शेती बघायला गेले होते, कालच परतले. आज कृष्णेपलीकडच्या मळ्यात निघाले होते. नावेत दोघंच. गुंडानं बांबू रेटत विचारलं, तिकडं पाण्यावर काय चालतं?

मग काय, आण्णांना तेवढंच हवं होतं. हेलसिंकीहून त्यांना एक दिवस बोटीनं सोव्हिएत एस्टोनियाच्या राजधानीला, तालिनला नेलं होतं. आष्ट्याचा अख्खा बाजार आत बसावा एवढी ती बोट. तालिनला जुना दगडी तट, लाल कौलं, गावाबाहेर सगळ्यांनी मिळून केलेली बटाट्याची शेतं. पण बोटीत चढताना आण्णांनी सवयीनं बूट काढले आणि मागची रांग तुंबली. बरोबरचे साहेब लाजून चूर झाले. नाव म्हणजे नावाड्याची लक्ष्मी, तिच्यात वहाणा घालून कसं जायचं, असं आण्णांनी दुभाष्याकरवी सांगितलं, तेव्हा दारातल्या म्हाताऱ्या खलाशानं डोक्यावरची टोपी काढली.

गुंडाला तो खलाशी फार आवडला. पण त्याला स्वतःला वेगळीच काळजी होती. वर्षभर पुलाची कुणकुण होती. पूल झाला की नाव गेली, आणि सुगीला घरटी मिळणारं जोंधळ्याचं बलुतंही गेलं.

"आण्णा, एवढी पैशेवाली मानसं. त्यांनी पूल न्हाई बांधला?"

"समुद्रावर कसला पूल, गड्या."

"म्हंजी तितंबी नावच लागती."

गुंडा एवढा खूश झाला, की ग्रामपंचायतीपुढं करायचं भाषणही त्यानं मनात जुळवून टाकलं. आण्णा सरकून त्याच्याजवळ आले.

"गुंडा, आपल्या हितं पूल मंजूर झालाय. ठरावावर माजी सही हाय. जायच्या आदी तुला सांगायचं हुतं, पर धाडस झालं न्हाई."

बांबू थांबला, नाव थोडी वाहवली. गुंडाला राग आला. ज्याच्याबरोबर पोहायला शिकलो, त्याच्यावर तो काढायचा कसा, ते कळेना. मग त्याला गावातल्या शालूबाईची सून आठवली. गेल्या पुरात ती बाळंतपणात अडून याच नदीच्या काठावर दगावली होती. त्या दिवशी नाव घालायला त्यानंच नकार दिला होता.

"जागा कुटं धरलीया?"

"चिंचंखाली. पुलाच्या साहेबांनी आखून ठिवलीया."

काठ समोर आला असताना गुंडानं नाव वळवली आणि धारेविरुद्ध वर नेली, पार उंबरापर्यंत. तिथं बांबू सरळ खाली सोडला. तळातून ठक्क आवाज आला.

"चिंचंखाली डोह हाय, खांब टिकायचा न्हाई. साहेबांस्नी म्हनावं, कातळ हितं हाय."

मग तिथून परत गावाकडच्या काठापर्यंत दर चार हातांवर बांबू आपटत तो आण्णांना कातळ दाखवत गेला.