सरासरी चिमण्या

मी दुर्बीण बोलतेय. मुक्काम खिडकीशेजारचा खिळा. डाव्या भिंगात बुरशी चढली आहे, उजवं अजून ठणठणीत आहे. या घरात निम्मं शाबूत असलेलं बहुधा मीच.

माझी भावंडं कोणी जहाजावर गेली, कोणी घोड्यांच्या शर्यतीला. माझ्या नशिबी आली एक शिंपीणबाई. तिचे गुडघे कामातून गेलेले, दिवसभर खिडकीशी बसून मशीन चालवायची. "मला लांब जाता येत नाही, तर लांबचं जवळ आणते," म्हणाली आणि जुन्या बाजारातून मला घेऊन आली. नवरा विजेचे मीटर वाचणारा. त्याने पहिल्याच दिवशी मला उलटी धरली आणि बायकोकडे बघून म्हणाला, "वा! आज पहिल्यांदाच बारीक दिसतेस."

दर हिवाळ्यात गावात पक्ष्यांची मोजणी व्हायची. त्याला ना पदवी लागे, ना जंगल. आपल्याच खिडकीशी थोडा वेळ बसायचं आणि दिसेल ते चिठ्ठीवर लिहून मोजणीच्या बाईंना द्यायचं. नियम एकच, एका नजरेत जास्तीत जास्त जितके दिसले तितकेच लिहायचे.

"आणि तीच चिमणी परत आली तर?" नवऱ्याने विचारलं.

"परत मोजायची नाही."

"ती तीच कशावरून? ओळखपत्र बघितलंस?"

"नाही बघितलं, म्हणूनच मोजायची नाही. आता गप्प बसा, उडवाल सगळ्या."

गल्लीच्या टोकाला काटेरी झुडपांचं दाट कुंपण होतं. चिमण्या तिथे निजायच्या आणि सकाळी आमच्या कठड्यावर यायच्या. मग गाड्या लावायला जागा हवी म्हणून अर्धं कुंपण तोडलं. गाड्या वाढल्या, चिमण्या घटल्या. शिंपीणबाई दर हिवाळ्यात घटलेला आकडा लिहायची. नवरा हळहळला की म्हणायची, "अहो, ताप लपवला तर डॉक्टर काय कपाळ करणार?"

मग एके वर्षी थंडीच्या तोंडावर ती गेली. मशीनखाली अर्धी शिवलेली बाही तशीच राहिली.

मोजणीच्या बाई आल्या. "काका, यंदा मावशींच्या जागी तुम्ही बसा. नगरपालिका उरलेलं कुंपण काढायला निघालीय. चिमण्या संपत आल्यात असं दाखवता आलं, तरच ते वाचेल. बाकी गल्लीतून एकही चिठ्ठी नाही. काही दिसलंच नाही तर द्यायचं काय, म्हणतात सगळे."

"बसतो की. आता बसायचंच काम उरलंय."

काका बसले. मी त्यांना सगळं दाखवलं. तिने ठेवलेला पाण्याचा वाडगा, सुकलेली कुंडी, पलीकडचं कुंपण. चिमणी मात्र नव्हती. माझी भिंगं धुरकटली. मला वाटलं, थंडीने.

शेवटी त्यांनी पेन्सिल उचलली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. "अगं, तुझ्या खिडकीत शून्य लिहू? नाही होणार माझ्याच्यानं."

इथे जन्मभराची नोकरी धावून आली. दाराला कुलूप असलं तर मीटरवाले 'दार बंद' असा शेरा मारतात, पण रकाना मोकळा सोडत नाहीत; मागच्या आकड्यांवरून सरासरी टाकून पुढच्या दाराशी जातात. काकांनी बायकोच्या साऱ्या हिवाळ्यांची सरासरी काढली. चांगली भरघोस निघाली. दुर्बिणीला दाखवता येतं, सांगता येत नाही. आज बोलतेय ती वरातीमागून घोडं.

बाईंनी चिठ्ठी वाचली, खिडकीबाहेर पाहिलं. "एवढ्या? नक्की, काका?"

"तुमच्या मावशींची खिडकी आहे ती."

बाईंनी चिठ्ठी तशीच पुढे पाठवली. नगरपालिकेतला साहेब मात्र खूश झाला. "गेल्या वर्षीपेक्षा वाढल्यात की! उगाच रडता तुम्ही लोक." आणि कुंपण उपटायला यंत्र आलं.

आवाज ऐकून काकांनी मला खिळ्यावरून ओढलं. शेवटचं झुडूप पडताना आतून चार-दोन चिमण्या उडाल्या, धुळीत घिरट्या घालत राहिल्या आणि दिसेनाशा झाल्या. म्हणजे त्या होत्या. कठड्यापर्यंत यायची हिंमत तेवढी उरली नव्हती.

"अगं, होत्या गं," काका म्हणाले. पुढे कितीतरी वेळ त्यांनी मला खाली ठेवलं नाही.

या हिवाळ्यात ते पुन्हा बसले आणि त्यांनी शून्य लिहिलं, चांगलं ठसठशीत. बाईंनी चिठ्ठीची घडी घातली आणि पाठ फिरवली. खरा आकडा आला होता. त्याने वाचवावं असं काही उरलं नव्हतं.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला डोळ्यांना लावा. रिकामं दिसलं तर रिकामंच लिहा. गेलेल्या माणसाचा मान राखायला दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत.

आता निरोप घेते. काका उठले आहेत. रोजच्यासारखं माझं बुरशीचं भिंगही पुसतील, जणू पुसून जाणार आहे. खिडकीबाहेर बघतील, वाडग्यातलं पाणी बदलतील आणि मला खिळ्यावर अडकवताना म्हणतील, "आजही दार बंद."