विमलाबाईंची नमुना सही

“मावशी, पाच मिनिटांचं काम आहे. सही बघा, शिक्का मारा, सुटलात,” मी चपला काढायच्या आतच निहार म्हणाला.

घाई करणाऱ्यांचा मला भारी राग येतो. एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली पंचवीस वर्षं कंपन्यांच्या खात्यांवर. कंपनीच्या वतीने सही करायचा अधिकार कोणाला आहे, हे तपासणं माझं काम. ठराव वाचल्याशिवाय आणि माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय ही सुलू दाखला देत नाही, हे अख्ख्या भाईंदरला ठाऊक आहे.

“शिक्का बँकेत ठेवून आलेय. आधी ठराव दे,” मी म्हटलं.

जेसल पार्कातल्या त्या फ्लॅटमध्ये दुपारी दोन वाजताही पडदे ओढलेले होते. मी कागद खिडकीशी नेला. राघो मेटल्स प्रायव्हेट लिमिटेड, स्टीलचे डबे बनवणारी. संचालक दोन, विमलाबाई आणि तिचा हा मुलगा. कंपनीचा गाळा विकायचा आणि विक्रीच्या कागदांवर विमलाबाईंनीच सही करायची, असं ठरलं होतं. गाळा घेणाऱ्याला सहीबद्दल बँकेचा दाखला हवा होता. ‘सभेत विमलाबाईंनी सविस्तर चर्चा केली,’ असंही खाली टाईप केलेलं होतं.

“सभा कुठे झाली रे?”

“इथेच. आईच्या खोलीत.”

“काय बोलली आई?”

निहारने उगाच पंख्याचा रेग्युलेटर फिरवला. “तो फॉर्मॅट असतो, मावशी. सीएने दिलाय.”

तेवढ्यात आतून आवाज आला. खर्र, खर्र, मग एक लांब रेघ. थांबला. पुन्हा तसाच. उंदीर कुरतडतो तसा, पण तालात.

“हे काय?”

“काही नाही. आई आहे.”

विमलाबाई पलंगावर ताठ बसली होती. साडी नीट, केस विंचरलेले. फक्त उजव्या हाताचं नख भिंतीवर चालत होतं. मी जवळ गेले. हात पोचेल तिथवर रंग खरवडला होता. सही. सहीवर सही, तिच्यावर पुन्हा सही. पलंगाच्या फळीवरसुद्धा.

आणि ती सही मी शिकवलेली होती. तिचा नवरा राघो गेला तेव्हा ही बाई अंगठा द्यायची. कंपनीची मालकीण अंगठा लावते, बरं नाही दिसत, म्हणून मीच तिला महिनाभर काउंटरवर गिरवायला बसवलं. तिला वाचता येत नव्हतं. रांगोळी काढावी तशी ती माझं अक्षर काढायची आणि शेवटची रेघ ओढली की विचारायची, “ताय, माजी सही बराबर हाय ना?” त्या सहीवर तिने बावीस वर्षं कारखाना चालवला. एकदा पत्रा खराब आला म्हणून भरलेला टेम्पो दारातून परत धाडला होता. काय बाई होती!

“विमलाबाई, मी सुलू. बँकेतली.”

नजर माझ्यातून आरपार गेली. मी तिच्या मांडीवर पॅड ठेवलं, हातात पेन दिलं. तिने लगेच सही केली. मी नमुना सहीचं कार्ड शेजारी धरलं. तसूभर फरक नव्हता. आजारी माणसाची सही डगमगते, मी हजारदा पाहिलंय. ही डगमगली नव्हती.

“झालं ना?” निहार म्हणाला.

“थांब. विमलाबाई, गाळा विकायचाय का?”

तिने सही केली.

“तुमचं नाव काय?”

सही केली.

“गाळ्याला काडी लावू का मी?”

सही. तीच, तेवढीच सुंदर.

मी पेन काढून घेतलं. बोटं तशीच मिटलेली राहिली आणि हवेत रेघ ओढत गेली. बाई कधीच निघून गेली होती, मी शिकवलेलं तेवढं मागे उरलं होतं. मला खरंच भीती वाटली. रडूही येत होतं, ते रागाने दाबलं.

दाखल्याच्या फॉर्मवर लिहिलं, सही जुळते. खालच्या रकान्यात लिहिलं, अधिकृत व्यक्ती भेटली नाही.

“अहो मावशी, भेटली नाही काय? समोर बसलीय ती!”

“कुठे बसलीय? दाखव मला.”

“वर्षभर एकटा करतोय मी तिचं. गाळा विकला तर तिला चांगल्या ठिकाणी ठेवता येईल. दोन महिन्यांत रिटायर होताय, तुमचं काय जातंय?”

“कोर्टात अर्ज कर. तिच्या वतीने कोणी सही करायची ते कोर्ट ठरवेल. मी येते सोबत, कागद मी जमवते. पण हिच्या हातात पेन देऊन हिचा गाळा विकायचा नाही.”

“म्हणजे आईला काही कळत नाही असं लिहून द्यायचं मी?” त्याचा आवाज फाटला. “ओळखते ती मला! आई, सांग ना यांना. मी कोण?”

तिने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला. क्षणभर मलाही वाटलं, ओळखलं. मग तिने त्याचा तळवा दाबून सपाट केला आणि त्यावर नखाने सही केली, शेवटच्या रेघेसकट. निहारने हात काढून घेतला नाही. तळव्यावरची जागा संपली, तेव्हा त्याने दुसरा हात पुढे केला.