अस्वलाचा खांदा

मुलांनो, डोळे मिटा आणि एक काचेची पेटी मनात आणा. आत वीतभर उंचीचं अस्वल आहे, पोटाशी ढोल. शेजारी माकड, हाती सारंगी. किल्ली दिली की जुनी विलायती धून वाजते, माकडाचा हात हलतो आणि अस्वल ढोल बडवतं.

घाटंजीजवळच्या एका गावात सुरभीच्या घरी अशी पेटी होती. पणजोबांनी ती एका सर्कसवाल्याकडून घेतली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याला, बाकीची पोरं लाकडी बैल मिरवत, सुरभी अस्वल मिरवी.

यंदा पोळा जवळ आला आणि अस्वल मुकं झालं. तिचे आजोबा भगवानराव यांनी पेटी बाजारातल्या फुलचंद घड्याळवाल्याला दिली. पोळ्याच्या आदल्या दुपारी तो ती घेऊन आला. धून तीच, ढोलही वाजला. पण सुरभीची नजर अस्वलाच्या खांद्यावर अडकली. पिवळा डाग नव्हता!

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पळसाच्या पानानं बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण, देतात. दरवर्षी सुरभी गुपचूप अस्वलाचाही खांदा शेकायची. हळदीचा डाग असा जाईल कसा?

"आजोबा, हे आपलं अस्वल नाही. यायनं बदललं!"

"काहून गा फुलचंद, खांद्यावरची लव नवी दिसून राह्यली," आजोबा म्हणाले.

"जुनी झडली होती, काका."

"झडली नव्हती!" सुरभी म्हणाली. "दाखवा बरं जुनी."

फुलचंदचा हात खिशाकडे गेला आणि तसाच मागे आला. आजोबांच्या कपाळावर आठी चढली.

"खिशात काय आहे?"

"काही नाही, काका."

"चहा घे, मग पाहू," म्हणत आजोबा आत गेले. पण दारातून वळून त्यांनी पेटीकडे एकदा पाहिलंच.

फुलचंदनं झटकन खिशातून पुडी काढून सुरभीपुढे उघडली. आत पिवळी, तेलकट लव होती आणि मेलेल्या मुंग्या चिकटलेला काळा गोळा.

"खांद्यातून तूप चाकात उतरलं, बाई. म्हणून बंद पडलं. हे दाखवलं असतं तर काका तुलेच रागावले असते ना?"

आतून कपबशी वाजली. आजोबा बाहेर आले ते फुलचंदच्या खिशाकडे पाहतच. सुरभीनं पुडी उचलली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"तूप म्याच लावत होती, आजोबा. अस्वल आपलंच आहे."

संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून झाले. सुरभीनं पळसाचं एक कोरडं पान घेतलं, फ्रॉकला पुसलं, अस्वलाच्या खांद्याला नुसतं टेकवलं आणि हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."